दातांच्या महागड्या उपचारांसाठी विमा काढावा का? मेडिक्लेममध्ये रूट कॅनाल का बसत नाही?

दाढ ठणकायला लागते ती बहुतेकदा रात्री. सकाळी दवाखाना गाठला जातो, एक्स-रे निघतो आणि डॉक्टर कागदावर आकडे मांडतात. एक रूट कॅनाल, त्यावर कॅप आणि चार वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट. बेरीज पन्नास-साठ हजारांच्या घरात जाते. पाकिटातून मेडिक्लेमचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं, तर रिसेप्शनवरची मुलगी ते हातातही न घेता सांगते, "दातांना हे चालत नाही."

दरवर्षी वीस-पंचवीस हजारांचा हप्ता भरणाऱ्या माणसाला हे पटत नाही. दात शरीराचा भाग नाहीत का? दुखणं हे दुखणं नाही का?

हा प्रश्न सध्या जास्त विचारला जातोय, त्याला एक कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. (नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसींना ही सूट नाही.) त्यानंतर 'वाचलेल्या पैशात आणखी कव्हर घ्या' असं सांगणाऱ्या जाहिराती वाढल्या. त्यातल्या बऱ्याच जाहिरातींमध्ये ओपीडी कव्हर असतं, आणि ओपीडीच्या यादीत हसऱ्या चेहऱ्यासह 'डेंटल' हा शब्द असतो.

तो शब्द पाहून हप्ता वाढवावा का? बहुतेक कुटुंबांसाठी, फक्त दातांसाठी म्हणून वेगळे पैसे भरणं परवडत नाही. का परवडत नाही आणि कुणाला परवडू शकतं, हे पाहण्यासाठी आधी पॉलिसीच्या बारीक अक्षरांत जावं लागेल.

मेडिक्लेम दातांना का नाकारतो?

भारतातला आरोग्य विमा मुळात हॉस्पिटलमध्ये दाखल होण्याच्या खर्चासाठी तयार झाला. २४ तास भरती, ऑपरेशन, आयसीयू, औषधं, हे त्याचं क्षेत्र. पुढे तंत्रज्ञान बदललं. मोतीबिंदूसारखी ऑपरेशन्स काही तासांत होऊ लागली, म्हणून 'डे केअर' उपचारांचाही समावेश झाला.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. रूट कॅनालला भूल देतात, उपचार २४ तासांच्या आत होतो, मग तो डे केअर का नाही? विमा नियामक आयआरडीएआयने ठरवलेल्या व्याख्येत याचं उत्तर आहे. डे केअर म्हणजे असा उपचार, जो एरवी २४ तासांहून जास्त भरती होऊनच करावा लागला असता, पण तंत्रज्ञानामुळे लवकर होतो. शिवाय जे उपचार एरवीही ओपीडीतच होतात, ते यात धरले जात नाहीत, असं ती व्याख्या स्पष्ट सांगते. रूट कॅनालसाठी कुणी कधी हॉस्पिटलमध्ये रात्र काढत नव्हतं. तो नेहमीच खुर्चीत बसून झाला. त्यामुळे भूल दिली, सुई टोचली, दोन तास तोंड उघडं ठेवलं तरी विम्याच्या भाषेत तो ओपीडीच राहतो.

याशिवाय बहुतेक पॉलिसींच्या 'काय मिळणार नाही' या यादीत दातांचे उपचार वेगळे लिहिलेले असतात. तिथे सहसा एकच अपवाद दिसतो, तो अपघाताचा. बाइकवरून पडून जबडा मोडला, दात तुटले आणि त्यासाठी भरती व्हावं लागलं, तर खर्च मिळू शकतो. मात्र अपघाताचे कागद, एक्स-रे आणि भरतीची नोंद त्याच वेळी तयार झालेली हवी. घरी येऊन आठवड्याने दातांच्या दवाखान्यात गेलं, तर तो अपघाताचा उपचार होता हे सिद्ध करताना दमछाक होते.

एक अपवाद फारसा कुणाला माहीत नसतो. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांनी विकायला सुरुवात केलेली 'आरोग्य संजीवनी' ही एकसारख्या अटींची पॉलिसी आहे. तिच्यात आजारामुळे किंवा इजेमुळे करावे लागणारे दातांचे उपचार समाविष्ट आहेत. वाचून आनंद होतो, पण तो थोडा आवरावा लागतो. ही तरतूदही हॉस्पिटलमध्ये दाखल होण्याच्या खर्चाखालीच येते, आणि प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के वाटा रुग्णाचा असतो. म्हणजे जबड्यातली गाठ काढायला भरती झालात तर उपयोग आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कॅप बसवली तर नाही.

या सगळ्यातून एक विचित्र परिस्थिती तयार होते. किडलेल्या दाढेचा सहा हजारांचा उपचार विमा देत नाही, म्हणून माणूस तो पुढे ढकलतो. वेदनाशामक गोळ्या, लवंग, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांवर महिने निघतात. काही जणांच्या बाबतीत पू जबड्याखाली, मानेत उतरतो, गिळता येत नाही, श्वास अडतो आणि थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. तेव्हा भरती होते, बिल लाखाच्या दिशेने जातं आणि पॉलिसीच्या शब्दरचनेप्रमाणे तिथे क्लेम मिळण्याची शक्यता निर्माण होते. छोटा खर्च नाकारून मोठ्या खर्चाची वाट पाहणारी ही व्यवस्था शहाणपणाची आहे, असं म्हणणं अवघड आहे. पण पॉलिसी विकत घेताना ती आहे तशीच मिळते.

विमा कंपन्या दातांना का घाबरतात?

विम्याचं गणित अनिश्चिततेवर चालतं. हजार लोकांनी हप्ता भरायचा, त्यातल्या थोड्यांवर मोठं संकट येणार आणि कुणावर ते कुणालाच माहीत नाही. घराला लागणारी आग किंवा हृदयविकाराचा झटका या गणितात बसतो.

दातांचं तसं नाही. चाळिशी-पन्नाशीपर्यंत एखादी तरी दाढ भरावी लागते, बहुतेकांना. दुसरं म्हणजे आपल्या तोंडात काय चाललंय हे माणसाला आधीच ठाऊक असतं. थंड पाणी लागतं, घास एकाच बाजूने चावला जातो. असा माणूस विमा घ्यायला पुढे येतो आणि ज्याचे दात ठणठणीत आहेत तो येत नाही. तिसरी गोष्ट, दातांचे बरेच उपचार सोयीनुसार पुढे ढकलता येतात. आज पॉलिसी घ्यायची, प्रतीक्षा कालावधी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी इम्प्लांट करायचं आणि पुढच्या वर्षी पॉलिसी बंद करायची, असं करणं हृदयाच्या बाबतीत जमत नाही, दाढेच्या बाबतीत जमतं.

कंपन्या याच कारणाने स्वतःभोवती कुंपण घालतात. वर्षाला ठरावीक मर्यादा, सुरुवातीचे काही महिने क्लेम नाही, ठरावीक दवाखान्यांतच उपचार, बिलाचा काही टक्के वाटा रुग्णाचा. ब्रेसेस, अलाइनर, व्हेनिअर हे 'सौंदर्यासाठी' म्हणून वगळलेले. इम्प्लांट तर बहुतेक ठिकाणी बाहेरच. तहान लागल्यावर विहीर खणायला येणारा माणूस बाहेर ठेवायचा, हा या सगळ्या अटींचा हेतू. अडचण अशी, की ज्या उपचारांमुळे माणूस विम्याचा विचार करू लागतो, नेमके तेच या कुंपणाबाहेर राहतात.

आकडे मांडून पाहू

ढोबळमानाने महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये खासगी दवाखान्यात रूट कॅनालला तीन ते दहा हजार, कॅपला साहित्यानुसार तीन ते पंधरा हजार, एका इम्प्लांटला पंचवीस ते साठ हजार आणि साध्या तारांना तीस हजारांपासून पुढे, असे दर ऐकायला मिळतात. अलाइनरचा खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. मुंबई-पुण्यात वरचा आकडा, तालुक्याच्या गावी खालचा.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकमध्ये खासगी नोकरी करणारी ४६ वर्षांची एक व्यक्ती. बिलाचा अंदाज असा: रूट कॅनाल ६,०००, कॅप ८,००० आणि इम्प्लांट ४५,०००. एकूण ५९,००० रुपये. एजंट सांगतो, मूळ पॉलिसीला वर्षाला ८,००० रुपयांचं ओपीडी अ‍ॅड-ऑन जोडा. ओपीडीची मर्यादा २०,००० आहे. हा आकडा ऐकून सौदा चांगला वाटतो.

पान उलटलं की कळतं, २०,००० मध्ये डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधं सगळं धरलंय आणि त्यात दातांसाठी जास्तीत जास्त ८,००० आहेत. रुग्णाचा वाटा २० टक्के. कॅप आणि इम्प्लांट वगळलेले. म्हणजे मिळणार फक्त रूट कॅनालचे सहा हजार, त्यातून २० टक्के वजा जाऊन हाती ४,८००. भरले आठ हजार, मिळाले चार हजार आठशे.

समजा कॅपही समाविष्ट असती. मग १४,००० च्या बिलातून २० टक्के वजा जाऊन ११,२०० उरले असते, पण मर्यादा ८,००० ची. म्हणजे जेवढे भरले तेवढेच परत. मधल्या काळात फॉर्म भरणं, बिलांचे फोटो काढून अपलोड करणं, डॉक्टरांचा शिक्का राहिला म्हणून परत चक्कर मारणं, ही मेहनत फुकट. आणि खरा घाव घालणाऱ्या ४५,००० च्या इम्प्लांटला दोन्ही वेळा शून्य.

हेच ८,००० वर्षाला, म्हणजे महिन्याला पावणेसातशेच्या आसपास, पोस्टात किंवा बँकेत आवर्ती ठेवीत टाकले तर तीन वर्षांत २४,००० आणि वर व्याज. ते पैसे कॅपला चालतात, इम्प्लांटला चालतात आणि दात चांगले राहिले तर मुलीच्या फीलाही चालतात.

या उदाहरणातले आकडे बदलून पाहावेत. प्रत्येक कंपनीची रचना वेगळी असते आणि एखाद्या पॉलिसीत दातांची मर्यादा हप्त्यापेक्षा बरीच जास्त असू शकते. पण गणित करताना वरचा मोठा आकडा बाजूला ठेवून दातांची उपमर्यादा पाहायची, त्यातून रुग्णाचा वाटा वजा करायचा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या उपचारांपैकी कुठले यादीत आहेत तेवढेच मोजायचे. जाहिरातीत दिसतात ते दाखवायचे दात; खायचे दात या तीन ओळींत असतात.

त्या ओळी शोधण्यासाठी चाळीस पानं वाचायची गरज नाही. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात काय मिळतं, काय मिळत नाही, प्रतीक्षा कालावधी किती, हे थोडक्यात लिहिलेलं असतं. ग्राहकाने मागितलं तर ते स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीतही द्यावं, असं आयआरडीएआयने सांगितलेलं आहे. फारसं कुणी मागत नाही, ही गोष्ट वेगळी. पॉलिसी हातात आल्यावर अटी पटल्या नाहीत, तर ३० दिवसांत ती परत करता येते.

आधी डॉक्टर, मग विमा?

डॉक्टरांनी 'ही दाढ गेलीच, इम्प्लांट लागेल' असं लिहून दिल्यावर विमा शोधायला निघणारे बरेच असतात. तोपर्यंत उशीर झालेला असतो. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्या त्रासाचं निदान झालं किंवा ज्यासाठी उपचार सुचवला गेला, तो आधीपासूनचा आजार धरला जातो. अशा आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी ठेवू शकते. डॉक्टरांचा तो कागद हाच मग पुरावा ठरतो.

तीन वर्षं थांबण्यातही तोटा आहे. दात काढल्यानंतर त्या जागचं हाड झिजू लागतं, विशेषतः पहिल्या वर्षात. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या रांगेतला दात त्या खड्ड्याकडे सरकतो. पुढे इम्प्लांट करायचं ठरवलं तर आधी हाड भरून घ्यावं लागू शकतं आणि खर्च वाढतो. विम्याची वाट पाहताना उपचारच महाग होतो.

अशा वेळी एक मोह होतो, तो उघड बोलला जात नाही. बिलावर पुढची तारीख टाकून घ्यायची, किंवा 'पडल्यामुळे दात तुटला' असं लिहून घ्यायचं. दवाखान्याचा परिचय असेल तर हे सोपं वाटतं. पण फसवणूक सिद्ध झाली तर तो क्लेम तर जातोच, अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते. सलग ६० महिने हप्ते भरल्यावर कंपनीला जुनी माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, हे संरक्षण ग्राहकाला आहे. पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ते लागू होत नाही. पाच हजारांच्या कॅपसाठी घरातल्यांचं हृदयविकाराचं, कॅन्सरचं कव्हर पणाला लावण्यासारखं हे आहे.

कार्ड, मेंबरशिप आणि हप्ते: हा विमा नव्हे

दवाखान्यांच्या काही साखळ्या आणि अ‍ॅप्स वार्षिक 'डेंटल प्लॅन' विकतात. ठरावीक रक्कम भरा, वर्षात दोनदा तपासणी आणि दात साफ करणं मोफत, बाकी उपचारांवर सवलत. यात वाईट काही नाही. वर्षातून दोनदा खरोखर जाणाऱ्याला ते फायद्याचंही ठरतं. पण ती आगाऊ भरलेली फी आहे, विमा नाही. त्यावर आयआरडीएआयचं नियंत्रण नसतं आणि दवाखाना बंद पडला तर विमा लोकपालाकडे जाता येत नाही. ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं, तेवढंच. सवलत मूळ कुठल्या दरावर मिळते, हेही विचारावं. वाढवून लावलेल्या दरावर ३० टक्के सूट मिळाली, तरी शेजारच्या दवाखान्यातला साधा दर कमी असू शकतो.

'बिनव्याजी ईएमआय' तर सगळीकडे आहे. तिथे कर्ज वित्तसंस्थेचं असतं आणि उपचार दवाखान्याचा. हे दोन वेगळे व्यवहार आहेत हे लक्षात येतं ते काही बिघडल्यावर. अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लब या अलाइनर कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये जगभरातला कारभार गुंडाळला. उपचार अर्धवट राहिले. तरीही हप्त्यांवर अलाइनर घेतलेल्यांनी हप्ते भरत राहावं, असं कंपनीने सांगितलं होतं. दोन वर्षं चालणाऱ्या उपचाराचे पूर्ण पैसे पहिल्याच दिवशी कर्जातून देण्यापेक्षा भेटीगणिक पैसे देणं म्हणून बरं. तारा लावणारे अनेक डॉक्टर आजही तसेच पैसे घेतात.

परदेशात तरी हे सुटलंय का?

'अमेरिकेत सगळ्यांना डेंटल इन्शुरन्स असतो' असं आपल्याकडे ऐकायला मिळतं. तिथे तो जुना आहे, हे खरं. १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या मुलांसाठी दातांच्या उपचारांची सोय मिळवली आणि तिथून ही पद्धत पसरली. पण तिची कमाल मर्यादा बऱ्याच योजनांमध्ये आजही वर्षाला १,००० ते २,००० डॉलरच्या आसपास अडकलेली आहे. १९७० च्या दशकातल्या आकड्यांपासून ती फारशी हललेली नाही. एका इम्प्लांटमध्ये ती संपते. ज्येष्ठांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेल्या सरकारी मेडिकेअरच्या मूळ योजनेत नेहमीचे दातांचे उपचार येतच नाहीत. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणारी मराठी कुटुंबं डिसेंबरच्या सुट्टीत घरी आली की लग्नकार्यांच्या मधल्या दिवसांत डेंटिस्टच्या अपॉइंटमेंट का घेतात, ते यावरून कळतं.

ब्रिटनमध्ये १९४८ ला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा दातही मोफत होते. तीनच वर्षांत, १९५१ च्या अर्थसंकल्पात, कवळी आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरलं. ही सेवा ज्यांनी उभी केली, त्या अन्यूरिन बेवन यांनी त्यावरून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आज इंग्लंडमध्ये दातांच्या उपचारांना तीन टप्प्यांत शुल्क आहे. एप्रिल २०२५ मध्ये ते रूट कॅनालच्या टप्प्याला ७५.३० पौंड आणि कॅप, कवळीच्या टप्प्याला ३२६.७० पौंड झालं होतं. दर माफक आहेत, पण या दरात उपचार करणारा डेंटिस्ट मिळवणं ही तिथली रोजची तक्रार आहे. दात हा खर्च श्रीमंत देशांनाही धड सांभाळता आलेला नाही.

मग कुणी घ्यावा?

कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये ओपीडी किंवा डेंटल कव्हर असेल आणि हप्ता कंपनी भरत असेल, तर वापरायलाच हवं. पुण्या-मुंबईतल्या अनेक नोकरदारांना आपल्या पॉलिसीत ही सोय आहे की नाही हेच माहीत नसतं. एचआरला एक ईमेल पुरेसा असतो. मर्यादा वर्षाची असते. दोन दाढांचं काम असेल आणि घाईचं नसेल तर एक मार्चआधी, एक एप्रिलनंतर, अशी विभागणी डॉक्टरांना विचारून करता येते. पॉलिसीचं वर्ष कधी बदलतं तेवढं पाहायचं.

घरात मधुमेह, रक्तदाब असलेली माणसं असतील तर ओपीडी कव्हरचं गणित बदलतं. वरच्याच उदाहरणात दातांपलीकडे १२,००० उरतात. तपासण्या आणि डॉक्टरांच्या फीवर त्यातले दहा हजार वापरले गेले तर २० टक्के वजा जाऊन ८,००० परत येतात. हप्ता तिथेच वसूल होतो आणि दातांचे पैसे वर मिळतात. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं कठीण होतं. अशा घरात दातांची तपासणी नियमित व्हायला हवीच, आणि तिचे पैसे मिळणार असतील तर उत्तमच.

ज्यांच्या तोंडात मोठं काम शिल्लक आहे आणि ते इम्प्लांट, तारा किंवा पूर्ण कवळीचं आहे, त्यांनी मात्र विम्यामागे वेळ घालवू नये.

एका बाबतीत अजिबात काटकसर करू नये, ती म्हणजे मूळ आरोग्य विमा. 'दातांना चालत नाही तर काय उपयोग' म्हणून मेडिक्लेम बंद करणारेही भेटतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत असल्याचं दिसलं होतं. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन, किमोथेरपी हा खर्च घर विकायला लावणारा असतो, आणि तो मेडिक्लेमच्या क्षेत्रात येतो. दातांच्या खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांना गालाच्या आतला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसू शकते. दोन-तीनशे रुपयांच्या त्या तपासणीला कुठलंच कव्हर नसलं, तरी ती टाळू नये.

पैसे नसतील तर

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज आहे. तिथे उपचार शिकणारे विद्यार्थी करतात, वर ज्येष्ठ डॉक्टरांची देखरेख असते. खर्च खासगीच्या तुलनेत खूपच कमी. त्याबदल्यात वेळ द्यावा लागतो. सकाळी केस पेपर, मग रांग, आणि खासगीत दोन बैठकांत होणाऱ्या रूट कॅनालला चार-पाच फेऱ्या. रोजंदारीवर काम करणाऱ्याचे चार खाडे आणि गाडीभाडं धरलं तर फरक कमी होतो, हेही मोजायला हवं. इतर शहरांत खासगी दंत महाविद्यालयांची रुग्णालयंही दवाखान्यांपेक्षा स्वस्त पडतात.

आयुष्मान भारत योजनेत जबड्याचं फ्रॅक्चर, जबड्यातली गाठ अशा शस्त्रक्रिया बसतात. रूट कॅनाल, कॅप नाही. केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांना सीजीएचएसमध्ये दातांच्या ठरावीक उपचारांचे दर ठरलेले आहेत, त्यामुळे त्यांनी खासगीत पैसे भरण्याआधी ती यादी पाहावी. घरातल्या ज्येष्ठांचा आरोग्य विमाच नसेल आणि करदाता जुन्या करप्रणालीत असेल, तर त्यांच्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळू शकते. अट एकच, पैसे रोखीने दिलेले नकोत. आईच्या कवळीचं बिल यूपीआयने भरून पावती जपून ठेवायला काहीच खर्च येत नाही.

डॉक्टरांकडून उपचारांचा लेखी आराखडा मागून घेणं, त्यात आत्ता करायलाच हवं असं काय आणि सहा महिने थांबू शकणारं काय, हे वेगळं लिहून घेणं, आणि मोठा आकडा असेल तर तोच एक्स-रे घेऊन दुसऱ्या डेंटिस्टचं मत घेणं, यातून कित्येकदा ओपीडी अ‍ॅड-ऑनपेक्षा जास्त पैसे वाचतात. काही वेळा इम्प्लांटऐवजी ब्रिज चालतो, काही वेळा काहीच न करता चालतं.

आणि पॉलिसीत बसणारा क्लेम नाकारला गेला असेल, तर कारण लेखी मागावं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जायचं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीसोबत पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र, एक्स-रे आणि डॉक्टरांच्या नोंदी जोडायच्या. एक्स-रेची फाइल दवाखान्यातून त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मागून ठेवलेली बरी. सहा महिन्यांनी ती शोधून मिळेलच असं नाही.